ठकूबाईची पळसपापडी आणि आमचं ऑफिस

वेळच्या वेळी बोलून टाकलं की त्याचा किस्सा होत नाही. ते तिथल्या तिथे संपतं. जे गिळावं लागतं ते साठतं! माझ्याकडे भोसरी-चाकण पट्ट्यातले इतके किस्से का, तर मी तिथे नोकरीला होते तेव्हा वय एकवीस, नोकरी टेम्पररी आणि समोर साहेब. बोलणार काय, कपाळ? आता ते साहेब नाहीत, ती नोकरी नाही, भीती तर नाहीच नाही. राग तेवढा शाबूत आहे. म्हणून सांगते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. गावांचे गट पाडून विकासाचे 'ब्लॉक' निघाले, आणि मला ग्रामसेविकेची ऑर्डर आली. ग्रामसेविका म्हणजे खेड्यातल्या बायकांना बिनधुराची चूल, बाळाची आंघोळ, टाक्यांचं शिवण आणि कोंबड्या, असं सगळं शिकवणारी बाई. मी पुण्यातल्या पेठेत वाढलेली. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा हळू आवाजात घेत. तर मी कोंबड्या शिकवणार होते!

चाकणच्या अलीकडचं एक गाव मला दिलं होतं. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत तिथे. आता त्या बाजूला नुसत्या कंपन्या. शिफ्ट सुटली की रस्ता ओलांडायला अर्धा तास लागतो म्हणतात. तेव्हा दिवसातून मोजून दोन-तीन एसट्या, बाकी सगळा माळ. आणि माळावर पळस.

* * *

पहिल्याच दिवशी मी चावडीच्या भिंतीवर रंगीत तक्ता टांगला. त्यात मधोमध कापलेली कोंबडी आणि तिच्या आतड्यात पांढरे जंत. समोर पंधरा-वीस बायका. मी ट्रेनिंगमध्ये पाठ केलेलं वाक्य ठणठणीत आवाजात म्हटलं, "भगिनींनो, कोंबडीच्या पोटात जंत होतात!"

मग मागून एक बाई म्हणाली, "अवो बाई, ह्ये सांगाया तुमी पुन्यावरनं आलाय व्हय?"

सगळ्या हसत सुटल्या. ती ठकूबाई. चाळिशीची, काटक, दातांना मिश्री लावलेली. गावातल्या कुणाचीही कोंबडी दुखण्याने बसली की ती आधी ठकूबाईकडे यायची.

तिने मला तशीच हाताला धरून परसात नेलं. एक कोंबडी पकडली, उलटी केली आणि माझा हात तिच्या छातीवर दाबला. हाड बोटांना टोचत होतं. "तुरा बगा, कसा पांढरा पडलाय. खाती तर मायंदाळ, पन अंगी लागत न्हाई. म्हंजी आत खानारं दुसरंच हाय."

मग तिने गाडग्यातून पळसाच्या बिया काढल्या. चपट्या, तांबूस, रुपयाएवढ्या. त्यांनाच पळसपापडी म्हणतात. रात्री भिजत घालायच्या, वरचं साल चोळून काढायचं, वाळवून पूड करायची, ज्वारीचं पीठ आणि गुळात मळून गोळ्या करायच्या आणि सकाळी उपाशी पोटी द्यायच्या, तीन दिवस. सोबत खुराड्यातली जुनी घाण काढून राख पसरायची. "न्हाई तर आज पडल्यालं उद्या परत पोटात," असं ती म्हणाली. आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात एक पान भरून जे लिहिलं होतं, ते हिने एका वाक्यात सांगितलं!

तिसऱ्या दिवशी तिने मला मुद्दाम बोलावून कोंबडीची विष्ठा दाखवली. त्यात पांढरे जंत, अगदी शेवयांसारखे. आज इतकी वर्षं झाली, मी शेवयांची खीर खाल्लेली नाही!

मी हे सगळं मन लावून रिपोर्टात लिहिलं. आमच्या विस्तार अधिकारी साहेबांनी 'पळस' या शब्दावर लाल शाईने आडवी रेघ मारली. म्हणाले, "पिंपरीला औषधांचा एवढा मोठा कारखाना उभा राहतोय, आणि तुम्ही सरकारी रिपोर्टात झाडपाला लिहिता?"

मला म्हणायचं होतं, 'साहेब, त्या कारखान्यात माणसांचं औषध होणार आहे. आणि कोंबडी पुढच्या बुधवारी मरेल, तोवर कारखान्यावर छप्परसुद्धा चढायचं नाही.'

मी म्हणाले, "बरं, साहेब."

* * *

थोड्याच दिवसांत जंतांवरची सरकारी पावडर मंजूर झाली. पुण्याहून डबे येणार होते. पण त्याआधी फॉर्म! कोंबड्यांचा वेगळा फॉर्म छापलेला नव्हता, म्हणून साहेबांनी गाई-म्हशींचेच फॉर्म दिले. "तेच वापरा. प्रोसिजर महत्त्वाची."

मी ठकूबाईच्या ओट्यावर फॉर्म भरायला बसले. पहिला रकाना, मालकाचं नाव. मी लिहिलं, ठकूबाई. साहेबांनी बजावलेलं आठवलं, कुटुंबप्रमुखाचंच नाव हवं! म्हणून खोडून तिच्या नवऱ्याचं लिहिलं, भिकू.

भिकू शेजारीच विडी ओढत बसला होता. तो दचकला. "ओ बाई, माजं नाव कशापायी? कोंबड्या तिच्या हायेत. मी त्यास्नी हाडसुदिक करत न्हाई!"

खरंच होतं ते. आमच्या त्या पट्ट्यात बैल बापयाचे, कोंबड्या बाईच्या. अंडी देऊन मीठ-मिरची आणायची, पोरीला परकराचं कापड घ्यायचं, सगळं तिच्या अखत्यारीत. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, फक्त फॉर्म छापणाऱ्याला ठाऊक नाही!

पुढचे रकाने मी वाचत गेले. "दात किती?" ठकूबाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "दूध किती शेर?" तिने मिश्रीचा हात तोंडावर धरला. मग आलं, "शिंगे आहेत किंवा नाहीत."

ठकूबाई शांतपणे म्हणाली, "न्हाईत म्हनून लिव्हा. सायबाला असली तर त्येची येगळी लिव्हा!"

मी हसले, पण रडायची वेळ पुढे यायची होती. कारण पावडर आली ती पावसाळा संपल्यावर. जंतांचा कहर असतो पावसाळ्यात. ज्या बायका माझ्या शब्दावर पावडरीची वाट पाहत थांबल्या, त्यांची खुराडी अर्धी झाली. ठकूबाई थांबली नव्हती. तिची एकही मेली नाही.

साहेबांनी रिपोर्टात काय लिहिलं, माहितेय? "पावडरीची मागणी कमी. जनजागृती आवश्यक."

* * *

त्यानंतर आला सरकारी कोंबडा!

गावठी कोंबड्यांची जात सुधारायची म्हणून शासकीय फार्मवरून विलायती जातीचा एक तांबडा, थोराड कोंबडा जीपमधून आला. पिंजऱ्याला झेंडूची माळ. सरपंचांनी नारळ फोडला. साहेबांनी भाषण केलं. कोंबडा ठेवायला ठकूबाईकडे दिला, तेवढी एक अक्कल आमच्या ऑफिसने दाखवली.

आठ दिवसांत कोंबडा मान टाकून बसला. आरवेना, चरेना. ठकूबाईने एक सकाळ त्याच्यावर नजर ठेवली आणि मला निरोप धाडला.

त्या दिवशी साहेब नेमके फेरीवर होते. मी त्यांना घेऊन गेले. ठकूबाई पदर सावरून म्हणाली, "सायेब, तुमच्या कोंबड्याच्या पोटात जंत हायेत. येतानाच घिऊन आलाय."

साहेबांचा चेहरा कोंबड्यापेक्षा लाल! "अहो, सरकारी पक्षी आहे तो! तपासून पाठवलाय. त्याचं सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

"आसंल की. पन ते सर्टिफिकीट तुमच्या खिशात हाय. जंत त्येच्या पोटात हायेत."

साहेब तरातरा जीपमध्ये जाऊन बसले. मला म्हणाले, "त्या बाईला सांगा, पक्ष्याला काहीही दिलं तर जबाबदारी तिची. लिहून घ्या."

मी काय लिहून घेणार? ठकूबाईने ऐकलं होतंच. मी म्हटलं, "ठकूबाई, मेला तर तुमच्यावर येईल हो."

ती म्हणाली, "आन नुसतं बगत बसले आन मेला, तर कुनावर यील?"

तीन दिवस तिने त्याला गोळ्या दिल्या. थोराड म्हणून अंमळ जास्त. चौथ्या दिवशी पहाटे तो असा आरवला की शेजारच्या वाडीवरचे कोंबडे गप्प झाले! मी धावत ऑफिसात जाऊन सांगितलं. वाटलं, निदान आता तरी बाईचं नाव निघेल.

साहेबांनी पेन उघडलं, आणि माझ्यासमोर लिहिलं, "पक्ष्यास स्थानिक हवामान मानवले."

हवामान! मी त्या रात्री जेवले नाही.

* * *

एकदा माझा तो रंगीत तक्ताच चावडीवरून नाहीसा झाला. ऑफिसने मेमो दिला. सरकारी मालमत्ता हरवली, खुलासा करा. मी खुलासा लिहून लिहून दमले.

महिन्याभराने शनिवारी चाकणच्या बाजारात गेले, तर एका कोपऱ्यात ही गर्दी! मध्ये फेटेवाला एक औषधविक्या, पुढ्यात पिवळ्या पाण्याच्या बाटल्या, आणि मागे काठीला लटकवलेला माझा तक्ता! तीच मधोमध कापलेली कोंबडी!

"बगा मायबाप, बगा! सरकारनं छापल्यालं चित्र! ह्ये जंत एका डोसात खलास!"

मी पुढे घुसले. "हा तक्ता माझा आहे."

तो जराही घाबरला नाही. उलट गर्दीला म्हणाला, "आली बगा, सरकारी बाई आपनहून आली! बाई, सांगा ह्यास्नी, चित्र खरं हाय का खोटं?"

आता काय बोलणार? चित्र तर खरंच होतं! मी म्हटलं, "चित्र खरं आहे, पण..."

"ऐकलं का! सरकारी बाई सोत्ता म्हनती खरं हाय!"

'पण'च्या पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत बाटल्या हातोहात खपल्या. पुढे कळलं, पाण्यात हळद होती. कोंबड्यांना ना फायदा, ना तोटा. तरी बायका मलाच म्हणायच्या, "बाई, तुमी त्येला खरं म्हनाला म्हनून घेतलं!"

फौजदाराकडे तक्रार द्यायला गेले तर त्याने विचारलं, "बाटली प्यायल्याने कोण मेलं का?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग रडता कशाला?"

* * *

आता एक असा सांगते, की त्यात राग कुणाचा असेल तर माझाच माझ्यावर आहे. तोही सांगायलाच हवा. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई तेवढ्या शहाण्या आणि बाकी सगळे मूर्ख.

लाल रेघेची पर्वा न करता मी पळसपापडीचं गुपचूप वाडी-वाडीत सांगायला लागले होते. फार अभिमान वाटायचा. एका धनगरवाडीवर मी पाच-सहा बायकांना सांगितलं, "अगदी सोपं आहे हो, चिमूटभर पूड, पिठात मळून द्यायची." आणि पुढच्या गावाला निघून गेले.

दहा दिवसांनी परत गेले. त्यांत साळू नावाची बाई होती, दोन लेकरांची. आत गेली, पिलं झाकायचं डालगं घेऊन आली आणि माझ्या पायाशी पालथं केलं. डालगं रिकामं. आत चिकटलेली थोडी पिसं तेवढी.

"सगळी पिलं ग्येली, बाई. तुमी सांगितली तशीच दिली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. मला बसायला घोंगडी टाकली, आणि चहा केला.

मी तिथून थेट ठकूबाईकडे. सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, होतं असं. छे! इतकी संतापलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"चिमूट? कुनाची चिमूट, बाई? तुमची का साळूची?"

तिने माझा हात ओढून पूड उचलायला लावली. मग स्वतः उचलली. दोन्ही ढीग शेजारी ठेवले. खुरपणाऱ्या, दळणाऱ्या, शेण थापणाऱ्या हाताची चिमूट माझ्या तिप्पट होती!

"आन पिलास्नी द्यायची न्हाई, ह्ये सांगितलं व्हतं का?"

नव्हतं सांगितलं. तिने मला सांगितलं होतं, मीच विसरले होते. मला ते बारीकसारीक वाटलं होतं.

"तुमच्या सायबानं माजं आईकलं न्हाई. तुमी अर्दं आईकलं. त्यो परवडला!"

दुसऱ्या दिवशी ठकूबाई आपल्या खुडूक, उबवायला बसलेल्या कोंबडीखालची बारा अंडी पदरात घेऊन साडेतीन कोस चालत धनगरवाडीवर गेली. मी पाठोपाठ. साळूच्या कोंबडीखाली अंडी ठेवली, आणि साळूला म्हणाली, "बाईंचं चुकलं. पन त्या आल्या तोंड दाकवाया, येवढं ध्येनात ठेव."

* * *

शेवटचा सांगते, मग तुम्ही चहा टाका.

कुठूनतरी वरून पत्र आलं, 'पशुपक्ष्यांवरील स्थानिक उपायांची माहिती संकलित करावी.' झालं! ज्या हाताने लाल रेघ मारली, त्याच हाताने आमच्या साहेबांनी पत्रक लिहिलं. 'कोंबड्यांतील जंत व पळसबीज, एक अभिनव प्रयोग.' खाली साहेबांचं पूर्ण नाव, डिग्रीसकट. मजकूर माझ्या रिपोर्टातला, शब्दन् शब्द. ठकूबाईचा उल्लेख, 'एक अशिक्षित ग्रामीण स्त्री' एवढासुद्धा नाही.

मग मोठा मेळावा ठरला. मांडव, लाउडस्पीकर, पुण्याहून बडे पाहुणे. ब्लॉकमधल्या आदर्श कुक्कुटपालकाचा सत्कार होणार होता. निवड ठकूबाईच्या घराची. मी हरखले. तिला म्हटलं, "ठकूबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून या." ती आली. काखेत सगळ्यात देखणी, काळीभोर कोंबडी घेऊन बायकांच्या पुढच्या रांगेत बसली.

लाउडस्पीकरवर नाव पुकारलं, "श्री. भिकू..."

मी साहेबांकडे धावले. ते कुजबुजले, "फॉर्मवर त्याचंच नाव आहे. तुमच्याच अक्षरात आहे, बाई!"

भिकू बावचळून स्टेजवर चढला. पाहुण्यांनी त्याला हार घातला. मग त्याच्या डोक्यावर गुलाबी रेशमी फेटा बांधला, चांगला झुळझुळीत, जरीच्या काठाचा. टाळ्या पडल्या.

पाहुणे भले गृहस्थ होते. त्यांनी कौतुकाने माइकवर विचारलं, "भिकूराव, कोंबड्या किती आहेत तुमच्याकडे?"

भिकू प्रामाणिक माणूस. म्हणाला, "घरात इचारून सांगतो जी."

सगळा मांडव हसला. साहेब हसले नाहीत. पाहुण्यांनी पुढे विचारलं, "बरं, जंतांवर ते पळसाचं कसं देता, ते तरी सांगा सगळ्यांना."

भिकूने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पत्रकाकडे पाहिलं. पत्रकात लिहिलं होतं, 'चिमूटभर'. तेवढ्यात बायकांतून कुणीतरी ओरडलं, "ठकूबाईला इचारा की!"

पाहुणे स्वतः खाली उतरले. माइकची वायर ओढत माणूस मागे आला. माइक ठकूबाईच्या तोंडापुढे धरला. "सांगा बाई. तुम्हाला माहितेय ना?"

मी मनात म्हणत होते, बोला ठकूबाई, एकदा बोला!

तिने उभं राहून स्टेजकडे पाहिलं. हारातला नवरा, पत्रकवाले साहेब. मग माझ्याकडे पाहिलं. कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली,

"वर बसल्याली मान्सं शिकल्याली हायेत. त्यास्नीच इचारा."

आणि खाली बसली.

आठ-दहा दिवसांनी मी तिच्याकडे गेले. भिकू ओट्यावर बोडक्या डोक्याने विडी ओढत होता. मी परसात गेले. कोपऱ्यात टोपल्यात ती काळीभोर कोंबडी अंड्यांवर बसली होती. नेहमी तिच्या खाली भाताचा पेंढा असायचा. आज कोंबडीच्या पंखाखालून जरीचा काठ बाहेर आला होता आणि गुलाबी रेशीम तिच्या पोटाखाली चांगलं गुंडाळून, दाबून बसवलेलं होतं.

मी बघतच राहिले.

ठकूबाई दाणे टाकता टाकता म्हणाली, "बगताय काय, बाई? चांगली ऊब धरतंय."